पाल्म्सेची हवेली

नमस्कार, श्रोतेहो. एस्टोनियाची राजधानी टॅलिन मागे टाकून सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्याने तासभर पूर्वेकडे गेले, की लाहेमा राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पाल्म्से नावाची, बरोक या युरोपातल्या जुन्या अलंकृत शैलीतील हवेली लागते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ अडीचशे वर्षे ही जहागीर फॉन डेर पालेन या जर्मनभाषक उमराव घराण्याकडे होती. रशियाचा झार पहिला पॉल याचा १८०१ मध्ये ज्या कटात बळी गेला, त्या कटाचा सूत्रधार पीटर लुडविग याच घराण्यातला आणि जन्मानेही पाल्म्सेचाच.

हवेलीचे बांधकाम १६९७ मध्ये सुरू झाले, पण आज उभे असलेले रूप १७८२ ते १७८५ या काळात योहान कास्पार मोर या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे झालेल्या पुनर्बांधणीचे आहे. संग्रहालयात शिरलेला पाहुणा साहजिकच आधी दिवाणखान्याकडे वळतो. माझे मत विचाराल तर त्याने आधी कोपऱ्यातल्या शेगडीपाशी थांबावे. छताच्या दिशेने चढत गेलेली, बाहेरून गुळगुळीत चकाकत्या फरशांनी मढवलेली ही शेगडी म्हणजे पोटात विटांचे नागमोडी धुरांडे असलेली भिंतच. सकाळी सरपण जाळले की तापलेल्या विटा रात्रीपर्यंत ऊब सोडत राहतात. अशा हवेल्यांतून शेगडीचे तोंड पुष्कळदा मागच्या बोळात काढलेले असे, म्हणजे लाकडे घालणाऱ्या नोकराला खोलीत पाऊल टाकावे लागत नसे. मालकाला ऊब मिळे, माणूस मात्र दिसत नसे.

आणि या थाटाचा खर्च कोठून निघत असे? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एस्टोनियातील जमीनदार शेतातल्या धान्याची दारू गाळून ती सेंट पीटर्सबर्गच्या बाजारात पाठवू लागले आणि त्या पैशावर ठिकठिकाणी अशा हवेल्या उठल्या. धान्य पिकवणारे भूदास होते, म्हणजे जमिनीला बांधलेले, जमीनदाराच्या ताब्यातले शेतकरी. १८१६ मध्ये एस्टलँड प्रांतात, म्हणजे तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या आजच्या उत्तर एस्टोनियात, कायद्याने त्यांची सुटका झाली खरी, पण जमीन जमीनदाराकडेच राहिली, त्यामुळे मोकळा झालेला शेतकरी पुन्हा त्याच बांधावर वेठीला राबू लागला. हा सारा थाट त्याच्याच कष्टांवर उभा होता; म्हणूनच तळ्याकाठचे टुमदार स्नानगृह पाहून परत न फिरता आवारातल्या इतर इमारतींकडेही जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

स्वतंत्र एस्टोनियाने १९१९ च्या कायद्याने या जहागिरी ताब्यात घेऊन जमीन शेतकऱ्यांत वाटली. सोव्हिएत राजवटीत १९७१ मध्ये लाहेमा उद्यान स्थापन झाल्यावर पाल्म्सेचा जीर्णोद्धार हाती घेण्यात आला आणि हवेलीचे संग्रहालय झाले. दारूच्या जुन्या भट्टीत आता पाहुण्यांसाठी हॉटेल आहे. त्या जाड दगडी भिंतींआड रात्री मुक्काम करता येतो.