बाळाच्या मालिशीसाठी घरचं तेल

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय बाळाच्या अंगाला लावायच्या तेलाबद्दल. 'बेबी ऑइल' म्हणून मिळणाऱ्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचलीत, तर बहुतेक वेळा पहिलं नाव दिसेल मिनरल ऑइल किंवा लिक्विड पॅराफिन. म्हणजे खनिज तेलातून शुद्ध केलेला पदार्थ, वर सुगंध. तो कातडीवर थर धरतो, ओल टिकवतो, पण त्वचेला त्यातून पोषण काही मिळत नाही. आणि सुगंध तर बाळाला नकोच. तान्ह्या बाळाच्या टाळूला मुळातच इतका गोड वास असतो, त्यावर अत्तर कशाला हवं?

मग स्वयंपाकघरातलं कोणतंही तेल घ्यावं का? नाही. कोणतंही नाही. का नाही, ते समजण्यासाठी ढाक्याची हकिगत ऐका.

बांगलादेशात बाळाला मोहरीच्या तेलानं चोळायची जुनी रीत आहे, आपल्याकडे उत्तरेत आहे तशीच. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉक्टर गॅरी डार्मस्टॅट आणि त्यांचे सहकारी एका प्रश्नाच्या मागे लागले होते. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाची कातडी अपुरी असते, सगळ्यांत वरचा थर नीट तयार झालेला नसतो. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे जंतू थेट रक्तात शिरतात. अशा बाळांची निम्मी लढाई कातडीवरच असते. त्या कातडीवर योग्य तेल लावलं, तर जंतूंची वाट अडेल का?

त्यांनी उंदरांच्या दुखावलेल्या कातडीवर वेगवेगळी तेलं लावून पाहिली. 2002 साली निष्कर्ष छापून आले. सूर्यफुलाचं तेल एकदाच लावलं, तर तासाभरात कातडी सावरू लागली. मोहरी, ऑलिव्ह आणि सोयाबीन या तिन्ही तेलांनी मात्र ती सावरायला उलट जास्त वेळ लागला. तेही वनस्पतीचंच तेल, हेही वनस्पतीचंच. फरक बहुधा आतल्या स्निग्ध आम्लांचा असावा. सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि कातडीचा अडसर बांधायला तेच लागतं.

आता ढाका शिशु रुग्णालय. 1998 ते 2003 या काळात, तेहतीस आठवड्यांच्या आत जन्मलेली 497 बाळं या पाहणीत घेतली. काहींना सूर्यफुलाचं तेल, काहींना पेट्रोलियम जेलीवर आधारलेलं मलम, काहींना काहीच नाही. पहिले चौदा दिवस रोज तीनदा, नंतर घरी सोडेपर्यंत रोज दोनदा, हलक्या हातानं. सूर्यफुलाचं तेल लावलेल्या बाळांमध्ये रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी कमी झाला. पुन्हा सांगते, 41 टक्क्यांनी, तेही फोडणीच्या तेलानं! मृत्यूचं प्रमाणही 26 टक्क्यांनी घटलं. मलमाच्या गटात ते 32 टक्क्यांनी घटलं, हेही सांगायलाच हवं. म्हणजे नैसर्गिक तेवढं चांगलं आणि दुकानातलं तेवढं वाईट, असा हिशेब इथे चालत नाही. कातडीला काय हवंय ते पाहायचं.

आपल्याकडे खोबरेल तेलाची परंपरा आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी 2005 साली छापलेल्या अभ्यासातही, दिवसांआधी जन्मलेल्या बाळांचं वजन खनिज तेलाच्या मालिशीपेक्षा खोबरेल तेलाच्या मालिशीनं जास्त वेगानं वाढलं.

कोकणात मुठेल तेल करतात, तसं घरी करता येतं. पाणी वाजणारे, पक्के पाच मोठे नारळ खवा. कोमट पाणी घालून वाटा, पंचातून घट्ट पिळा. चोथ्यात पाणी घालून पुन्हा एकदा पिळा. हे दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर घट्ट साय येते, ती काढून घ्या, खालचं पाणी टाका. ही पायरी गाळलीत, तर तासन्तास पाणीच आटवत बसाल. साय जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत ठेवा. आधी तडतड होते, मग ती थांबते, साका, म्हणजे तळाशी उरणारा गाळ, बदामी होतो. तिथेच गॅस बंद. साका काळा पडला, तर तेलाला करपट वास लागतो. कोरड्या मलमलीतून गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. पाव लिटरच्या आसपास तेल निघतं.

बिघडतं ते पाण्यानं. कापसाची वात तेलात भिजवून पेटवा. तडतडली, तर पाणी उरलंय, पुन्हा तापवा. तसंच ठेवलंत, तर थोड्याच दिवसांत आंबूस वास येतो. खवट तेल बाळाला लावायचं नाही. थंडीत तेल थिजलं, तर बाटली गरम पाण्यात ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा.

एका मालिशीला चमचाभर तेल पुरे. हात धुऊन, नखं कापून, अंगठी काढून. पुन्हा सांगते, हात धुऊन, कारण जंतू बहुतेक वेळा हातावरूनच येतात. दूध पाजल्यावर अर्धा तास थांबा. कानात, नाकात तेल घालायचं नाही. नाक वर ओढणं, डोकं दाबून गोल करणं, छाती पिळणं बंद. मालिशीला येणाऱ्या मावशींना हे प्रेमानं, पण ठामपणे सांगा.

घरचं काजळ डोळ्यांत घालू नका, घरचं असलं तरी. घरची पावडरही नको, तांदळाचं पीठ असो की अरारूट. उडालेली भुकटी बाळाच्या श्वासात जाते. जांघेत लाल झालं, तर धुऊन, टिपून, लंगोट सोडून हवा लागू द्या.

पुरळ, ताप किंवा चिघळलेली कातडी असेल, तर मालिश थांबवा. बाळ दिवसांआधीचं किंवा कमी वजनाचं असेल, तर तेल कोणतं आणि केव्हापासून लावायचं, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.