कोगनोळीच्या नाक्यापासून

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि बंधू-भगिनींनो,

इथे इंग्लंडमध्ये मला जागतिक व्यापारावर बोलायला सांगितले आहे; पण मी बेळगावचा, त्यामुळे सुरुवात कोगनोळीच्या नाक्यापासून करतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत निपाणीजवळच्या, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या या नाक्यावर मालाच्या लॉऱ्यांची कागदपत्रे तपासली जात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत ओतलेले कास्टिंग कोल्हापूरला पाठवताना माझा चुलतभाऊ गिऱ्हाइकाला नेहमी एक दिवस वाढवून सांगायचा. तो दिवस कोणत्याच बिलात दिसत नसे. मात्र तेवढा माल जादा साठवावा लागे आणि त्यात अडकलेल्या पैशाचे व्याज भावाच्याच खिशातून जाई.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तेव्हा नाक्यावर कर उरलेलाच नव्हता. तरीही एमएच ०९ची, म्हणजे कोल्हापूरची, गाडी बेळगावला आणायला ड्रायव्हर तयार होईनात. भावाने निपाणीत माल उतरवून बेळगावच्या केए २२च्या गाडीत भरला. हमाली दोनदा, भाडे दोनदा. (सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दलची माझी मते आपणांस ठाऊक आहेत, ती आज बाजूला ठेवतो.)

इथे इंग्लंडमध्ये आपण हेच पाहिले. ब्रेक्झिटनंतर युरोपशी झालेला करार बहुतांशी शून्य सीमाशुल्काचा, पण जानेवारी २०२१ पासून प्रत्येक खेपेला कागदपत्रे आली आणि अनेक लहान निर्यातदारांनी तो नाद सोडला. पुढे २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. जग असेच गटागटांत विभागत गेले, तर सर्वांत वाईट स्थितीत जागतिक उत्पन्नाचे ७ टक्क्यांपर्यंत नुकसान होईल, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांचा २०२३ चा अंदाज आहे. मला त्या आकड्यापेक्षा लहान कारखानदाराची अडचण अधिक बोचते, कारण वाढलेला दर किमतीत धरता येतो, पण उद्या तो किती असेल हे कोणत्या हिशेबात धरायचे?

या फुटीत बेळगावचा फायदाही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चीनवरच विसंबायला नको म्हणून परदेशी खरेदीदार आपल्याकडे चौकशी करतात. भावाकडेही अशी चौकशी आली आणि त्याने विजेवर धातू वितळवणाऱ्या नव्या इंडक्शन भट्टीचे कोटेशन मागवले. कर्ज पाच वर्षांचे, ऑर्डर सहा महिन्यांची. कोटेशनची मुदत त्याने आता दुसऱ्यांदा वाढवून घेतली आहे.