बावखल : वसईच्या वाडीतलं गोडं पाणी

(दृश्य : पहाट. विरार स्थानक, फलाटावर ओल्या फडक्याने झाकलेल्या टोपल्या.)

टोपल्यांत चाफा आहे, तगर आहे, जास्वंदीच्या मिटलेल्या कळ्या आहेत. उजाडायच्या आत ही फुलं दादरला पोचायला हवीत, कारण ऊन चढलं की कळी उमलते आणि भाव उतरतो.

या रुळांवरची ये-जा फार जुनी. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. वसईची केळी, भाजी, विड्याची पानं मुंबईला जायची आणि संध्याकाळी रिकाम्या टोपल्या घेऊन माणसं घरी परतायची. पुढे त्याच गाडीने मुंबईची माणसं इथे राहायला येऊ लागली.

(दृश्य : ड्रोन. इमारतींच्या रांगा, मागे डोंगर.)

दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. या चौकटीतल्या वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि पन्नासहून जास्त ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली १२ लाख २२ हजार. मुंबईत घर घेणं ज्यांना झेपलं नाही, त्यांना या शहराने छप्पर दिलं. ते मोठंच काम आहे, आणि इथे घर घेतलेल्या कुणालाही आम्ही उपरा म्हणणार नाही.

पण एवढ्या माणसांना पाणी कुठून आणायचं?

(दृश्य : गिरीज. वाडीतली पायवाट, केळीची पानं बाजूला सारत कॅमेरा पुढे जातो. बावखल.)

हे बावखल. गिरीज, निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली... समुद्राकडच्या या गावांत वाडीवाडीत अशी बावखलं आहेत. तळ्याहून लहान, विहिरीहून ऐसपैस. विहीर दगडाने बांधून काढतात. बावखलाचा काठ मातीचाच ठेवतात, आणि त्यामागे मोठा विचार आहे.

ही जमीन किनाऱ्याची, रेताड. खाली खारं पाणी, त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगतं आणि आपल्या वजनाने खाऱ्याला खाली दाबून ठेवतं. भूजलाचं शास्त्र सांगतं, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. हिशोब उलटाही चालतो. वरचं एक मीटर उपसलंत, की खालून ४० मीटर खारं पाणी वर सरकायला मोकळं.

बावखल नेमकं इथे कामाला येतं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाडीतलं पाणी उताराने त्यात येतं. मातीच्या काठातून आणि तळातून ते हळूहळू मुरतं, शेजारच्या विहिरींना लागतं, केळीच्या मुळांशी ओल धरून ठेवतं. जोराचा पाऊस आला तर आधी बावखल भरतं, मग वाट भरते, घराच्या पायरीला पाणी लागतं ते सगळ्यात शेवटी. हे सगळं कुठल्या इंजिनिअरने कागदावर काढलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या वाडी कसणाऱ्या माणसांनी ते जमिनीकडे बघून ठरवलं.

(दृश्य : रहाटाचा गंजलेला आस. जवळून.)

हा रहाटाचा आस. बैल गोल फिरायचा, पोहरे भरून वर यायचे आणि पाटातून पाणी अळ्यात जायचं. बैल जेवढं ओढेल तेवढंच पाणी निघायचं. रात्री बैल थांबला की पाण्याची पातळी पुन्हा वर यायची. मग इंजिन आलं, विजेचा पंप आला. पंपाला रात्र नसते.

(दृश्य : सुकेळी. ताटव्यावर वाळत घातलेली सोललेली केळी.)

आणि ही सुकेळी. राजेळी केळी पिकली की सोलायची, उन्हात सुकवायची आणि केळीच्याच वाळल्या सोपटात बांधायची. ह्या आजींचे हात बघा. बोलायला त्या तयार झाल्या नाहीत, पण सोलायचं काम त्यांनी आमच्यासाठी थांबवलंही नाही. राजेळीला गोडं पाणी लागतं. विहीर मचूळ झाली की आधी बाग रोडावते, पाण्याची चव माणसाच्या जिभेला नंतर कळते.

(दृश्य : टँकर. नळी, खाली सांडणारं पाणी.)

इमारती वाढल्या आणि वाडीतल्या विहिरींचं पाणी टँकरने विकलं जाऊ लागलं. त्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने हा उपसा थांबवा म्हणून गावंच्या गावं रस्त्यावर आणली. १९९० मध्ये या पट्ट्याचं नियोजन सिडकोकडे गेलं, तेव्हाही प्रश्न तोच होता, की वसईची हिरवाई नकाशावर राहणार की नाही. आज पाईपने सूर्या नदीच्या धरणाचं पाणी शहरात येतं. तरीही टँकर थांबलेले नाहीत.

या काळात अनेक बावखलं भरावाखाली गेली, आणि जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडाले, लोकल बंद पडल्या, मिठागरांतली माणसं अडकली.

(दृश्य : रविवार सकाळ. बावखलाच्या काठावर तरुण, घमेल्यांची रांग.)

गावातली पोरं आता सुट्टीच्या दिवशी बावखलात उतरतात. जलपर्णी ओढायची, प्लास्टिक वेचायचं, गाळ हातोहात काठावर द्यायचा. हा गाळ परत केळीच्या अळ्यात जातो. त्यांचं काम पुरं पडावं, तर उरलेल्या प्रत्येक बावखलाची मोजणी व्हायला हवी आणि विकास आराखड्यात ते पाणी म्हणूनच दाखवायला हवं. आमची ही स्पष्ट मागणी आहे.

(दृश्य : गाळ काढलेला तळ. कोपऱ्यातून पाणी पाझरतं. दहा सेकंद निवेदन नाही.)

हे पाणी आत्ता आलंय. खालून.

त्या मुलाने ओंजळीत घेऊन चाखलं. गोडं आहे म्हणाला.