सान अंतोनियो आबादच्या बायका

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय छापलाय 'मेक्सिकोतल्या एकपक्षीय सत्तेचा अस्त'. तो मी मांडणार आहेच. पण त्या अस्ताची तारीख कोणती, यावर माझं पुस्तकांशी भांडण आहे आणि ते तुमच्यासमोर मांडायचं म्हणूनच मी आमंत्रण आल्याबरोबर हो म्हटलं.

आधी एक प्रश्न. मेक्सिको म्हटलं की काय आठवतं? मॅराडोना. बरोबर, ८६ चा वर्ल्ड कप. त्या वर्ल्ड कपच्या उद्घाटनाकडे मी शेवटी येणार आहे, लक्षात ठेवा. मागून कोणीतरी मिरची म्हणालं. शाब्बास! मिरची तिकडची, मका तिकडचा, टोमॅटो तिकडचा. भाकरीवरच्या ठेच्यातून मेक्सिको काढून घेतलं तर लसूण आणि मीठ उरेल. आणि विदर्भातलं कोणी असेल तर त्यांना वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवायला हवेत. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक देशोदेशी भटकत मेक्सिकोत पोचला आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्यावर संशोधन करत राहिला. तिकडचे प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना भाकरी वाटताना रंगवलंय. हे चापिंगो तेश्कोको गावाजवळ आहे. तेश्कोको हे नावही ध्यानात असू द्या, त्याच नावाच्या तळ्याने पुढे घात केला.

आता पक्षाबद्दल थोडक्यात. 'संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष', लोक पी.आर.आय. म्हणतात. त्याची सत्ता १९२९ पासून. राष्ट्राध्यक्ष सहा वर्षांचा, पुन्हा उभा राहता येत नाही, पण जाताना पुढचा कोण ते तोच ठरवणार. त्याला तिकडे 'देदासो' म्हणतात, म्हणजे बोट दाखवणं. कामगार संघटना पक्षाच्या, शेतकरी संघटना पक्षाच्या. सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचे पुढारी फिदेल वेलास्केस १९८५ साली पंच्याऐंशी वर्षांचे होते आणि ठामपणे खुर्चीवर होते. राजधानीत, म्हणजे मेक्सिको सिटीत, तर महापौर निवडायचा प्रश्नच नव्हता, राष्ट्राध्यक्ष नेमेल तो शहराचा कारभारी. पाणी हवं, पक्षाच्या माणसाकडे जा. फेरीवाल्याचा परवाना हवा, पक्षाच्या माणसाकडे जा.

१९८५ उजाडलं तेव्हा देश कर्जाखाली वाकलेला होता. १९८२ साली सरकारने परदेशी सावकारांसमोर हात वर केले होते, तेव्हापासून मजुरीतून विकत मिळणारं अन्न दर वर्षी कमी होत चाललेलं. फेब्रुवारीत ग्वादालाहारात अमेरिकेच्या अमली पदार्थ विरोधी खात्याचा एक अधिकारी पळवून मारला गेला आणि पोलिसांचे तस्करांशी असलेले लागेबांधे जगासमोर आले. जुलैत संसदेची निवडणूक झाली, उत्तरेकडच्या राज्यांत मतपेट्यांवरून आरडाओरडा झाला, पक्ष नेहमीसारखा जिंकला. राष्ट्राध्यक्ष मिगेल दे ला माद्रिद यांना वाटलं असणार की वर्षातला कठीण भाग सरला.

१९ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी सात वाजून एकोणीस मिनिटं.

भूकंपाचं केंद्र होतं मिचोआकानच्या किनाऱ्यापाशी, राजधानीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर. तीव्रता आठच्या वर. इतक्या लांबचा भूकंप शहराला एवढा का लागला? कारण हे शहर तळ्यावर वसलंय. अस्तेकांची राजधानी तेश्कोको तळ्यातल्या बेटावर होती. स्पॅनिशांनी ती पाडली, पुढे तळं उपसत नेलं, आणि उरलेल्या गाळावर शहर चढत गेलं. त्या गाळाचा एक हेलकावा साधारण दोन सेकंदांचा. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचा हेलकावाही जवळपास तेवढाच. झोक्यावरच्या मुलाला नेमक्या क्षणी धक्का देत गेलं की झोका चढत जातो ना, तसं झालं. बैठी घरं पुष्कळ वाचली, मधल्या उंचीच्या इमारती बसल्या. चारशेहून अधिक कोसळल्या. त्लातेलोल्कोच्या सरकारी वसाहतीतली 'नुएवो लेओन' इमारत, जिच्याबद्दल रहिवासी आधीपासून तक्रारी करत होते, तिच्या तीन भागांपैकी दोन आडवे झाले. मृतांचा अधिकृत आकडा काही हजारांवर थांबला; चळवळीतले लोक कितीतरी मोठा सांगतात.

आणि सरकार? सैन्य आलं, पण ढिगाऱ्यांभोवती कडं करून उभं राहिलं. बाहेरच्या मदतीची गरज नाही, असा सूर सुरुवातीला लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरा मोठा धक्का बसला. तोवर पोरं, फेरीवाले, विद्यार्थी हातांनी, बादल्यांनी, गाडीच्या जॅकने स्लॅब उचलत होते. बिळांत शिरणाऱ्या या पोरांना लोक 'तोपोस' म्हणू लागले, म्हणजे चिचुंदऱ्या. किल्लारीला जे धावून गेले होते त्यांना त्या बादल्यांची रांग वर्णन करून सांगायला नको.

आता माझी गोष्ट.

शहराच्या मुख्य चौकातून दक्षिणेकडे एक मोठा रस्ता जातो, सान अंतोनियो आबाद. त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या बहुमजली इमारती आणि मजल्यामजल्यावर शिवणकामाचे कारखाने. कपडे शिवणाऱ्या बाईला तिकडे 'कोस्तुरेरा' म्हणतात. सातची पाळी, म्हणजे एकोणीस मिनिटांपूर्वी त्या मशीनवर बसलेल्या. वर कापडाचे तागेच्या तागे रचलेले, जड मशीनं ओळीने मांडलेली. जी इमारत कार्यालयासाठी बांधली तिच्यावर हे ओझं. मधल्या वेळात कोणी बाहेर जाऊ नये, माल चोरीला जाऊ नये म्हणून कित्येक ठिकाणी दारं बंद.

इथे मी जरा थांबते. माझी आई नगावर शिवायची. परकर, झबली, शाळेचे गणवेश. काही वर्षं ती एका कारखान्यात जात होती. नाव घेत नाही. तिथे दुपारी शटर अर्धं ओढून बाहेरून कुलूप लागायचं. कटिंग मास्तर म्हणायचे, ऊन येतं. आई घरी आल्यावर एकदाच बोलली होती, 'आग लागली तर आम्ही कुठून निघायचं गं?' मी नववीत होते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे मेक्सिकोबद्दल वाचताना बंद दारांचा उल्लेख आला तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. म्हणून या रस्त्याबद्दल बोलताना माझा वेळ जास्त जातो, आणि तो जायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तर पुढे काय झालं ऐका. ज्या बायका त्या दिवशी उशिरा पोचल्या, किंवा ज्यांची पाळी नंतरची होती, त्या धावत आल्या तर समोर ढिगारा. आतून आवाज येत होते. सैनिक जवळ जाऊ देईनात. आणि मग मालक आले. यंत्रं लावून ढिगाऱ्यातून काढायला सुरुवात झाली, ती तिजोऱ्यांची, मशीनांची, कापडाच्या ताग्यांची. आत बायका असताना. हे बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. त्या रस्त्यावर शेकडो कोस्तुरेरा मेल्या. नक्की किती ते कधीच कळणार नाही, कारण पुष्कळ कारखान्यांची धड नोंदच नव्हती, त्यामुळे तिथे काम करणाऱ्या बाईचीही नव्हती.

जिवंत राहिलेल्या हजारो जणींचं काम गेलं. भरपाई मागितली तर मालक म्हणाले, आम्हीही बुडालो. मग या बायकांनी एक साधी आणि अत्यंत शहाणपणाची गोष्ट केली. त्या फुटपाथवर तंबू टाकून बसल्या आणि उरलेली मशीनं हलवू देईनात. मशीन हेच तारण! ट्रक आला की आडव्या उभ्या राहायच्या. तिथेच चूल, तिथेच मुलं, तिथेच रात्रीची पाळी. विद्यार्थिनी आल्या, स्त्रीवादी कार्यकर्त्या आल्या, वकील आले. कागद बघितले तेव्हा कित्येकींना पहिल्यांदा कळलं की आपण वर्षानुवर्षं एका संघटनेचे सभासद आहोत. मालकाने परस्पर पक्षाच्या संघटनेशी करार केलेला, हिला पत्ताच नाही!

ऑक्टोबरात त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर, लोस पिनोसवर, मोर्चा नेला. आणि २० ऑक्टोबर १९८५ रोजी, भूकंपाला जेमतेम महिना होतोय तोवर, सरकारला त्यांची स्वतंत्र संघटना नोंदवून घ्यावी लागली. नाव '१९ सप्टेंबर राष्ट्रीय कोस्तुरेरा संघटना'. पक्षाबाहेरची! ज्या देशात स्वतंत्र संघटनेच्या नोंदणीसाठी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालायची, तिथे ही एका महिन्यात. सरचिटणीस निवडली गेली एवांगेलिना कोरोना, त्लाश्कालातल्या खेड्यातून शहरात आलेली, कित्येक वर्षं मशीनवर बसलेली, चाळिशी ओलांडलेली बाई. पैसा उभा करायला या बायकांनी चिंध्यांच्या बाहुल्या शिवून विकल्या, त्यात चित्रकारांनीही हात घातला. नगावर शिवणाऱ्या बाईने स्वतःसाठी काढलेला हा पहिला नग.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. आणि मुख्य विषय राहिलाय. ठीक आहे, पळत पळत जाऊ.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुस्तकं सांगतात की पक्षाला तडा गेला ६ जुलै १९८८ ला, निवडणुकीच्या रात्री, जेव्हा मतमोजणीची यंत्रणा 'पडली' आणि उठली तेव्हा पक्षाचे कार्लोस सालिनास जिंकलेले होते. मी म्हणते, तडा त्याआधी तीन वर्षं गेला होता. का? कारण ही सत्ता ज्या धाग्यावर उभी होती तो होता मध्यस्थ, प्रत्येक गरजेसाठी लागणारा पक्षाचा माणूस. १९ तारखेला माणसाला सगळ्यात मोठी गरज लागली तेव्हा तो दिसलाच नाही. माणसाने आधी हात वापरला, मग शेजाऱ्याला हाक मारली, मग सभा घेतली. हा क्रम एकदा अंगवळणी पडला.

चाळींचं उदाहरण घ्या. तिकडच्या 'वेसिंदादेस' म्हणजे अगदी आपल्या चाळी, मधे चौक, सामाईक नळ, सामाईक संडास. भाडं चाळीसच्या दशकापासून गोठवलेलं. गिरगावकर-लालबागकर ओळखतील. घरमालकांना भूकंपाने आयती संधी दिली, भाडेकरू काढा. भाडेकरू हटेनात. 'इथून जाणार नाही' म्हणून तेपितो, ग्वेरेरो, मोरेलोस या वस्त्या अडून बसल्या. ११ ऑक्टोबरला सरकारने हजारो जागा संपादित करण्याचा हुकूम काढला, त्याच जागी हजारो घरं बांधली गेली, प्रत्येकाला स्वतःचा संडास-बाथरूम. महिन्याअखेर सगळ्या वस्त्यांची मिळून एक समिती उभी राहिली, 'कोऑर्दिनादोरा उनिका दे दाम्निफिकादोस'. दाम्निफिकादो हा सरकारी फॉर्मवरचा शब्द, म्हणजे नुकसानग्रस्त. आपल्याकडे 'धरणग्रस्त' शब्दाचं काय झालं आठवा! तलाठ्याच्या यादीतला शब्द मोर्चाच्या फलकावर गेला. तिकडेही तसंच झालं, लोक छाती पुढे काढून आम्ही दाम्निफिकादोस म्हणू लागले.

आता वर्ल्ड कप. ३१ मे १९८६, आस्तेका स्टेडियम, उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि साऱ्या स्टेडियमने शिट्ट्या वाजवून त्यांचा आवाज बुडवला. तिकडे शिट्टी म्हणजे धिक्कार. साऱ्या जगाच्या टीव्हीवर! ज्या पदाकडे मान वर करून बघायची सवय नव्हती त्या पदाला.

पुढचे टप्पे एका दमात सांगते. १९८८ ला राजधानीने पक्ष सोडून आलेल्या क्वाउतेमोक कार्देनासना मतं दिली, भूकंपग्रस्तांच्या वस्त्यांसकट. १९९१ ला एवांगेलिना कोरोना खासदार झाल्या. १९९७ ला राजधानीने पहिल्यांदा आपला कारभारी मतदानाने निवडला, तेच कार्देनास. २००० साली राष्ट्राध्यक्षपदही गेलं, एकाहत्तर वर्षांनी. या प्रत्येक टप्प्याला इतर कारणंही आहेत, कर्ज आहे, पक्षातली फूट आहे, उत्तरेकडच्या उजव्या विरोधकांची चिकाटी आहे. त्यावर प्रश्नोत्तरांत बोलू.

एकच सांगून थांबते. २०१७ साली पुन्हा १९ सप्टेंबरलाच भूकंप झाला. सकाळी अकराला दर वर्षीची भूकंपाची कवायत झाली होती, आणि दुपारी सव्वाच्या सुमाराला खराखुरा धक्का बसला. सान अंतोनियो आबादपासून जवळच, ओब्रेरा वस्तीत, बोलिवार आणि चिमाल्पोपोका या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची इमारत कोसळली. आत शिवणकामाचा कारखाना होता. अवजड यंत्रं ढिगारा उचलायला आली तेव्हा तरुण मुली पुढे झाल्या. खाली तळघर असेल, तिथे कोणी अडकलं असेल, ते आधी बघा म्हणाल्या. आणि त्यांनी विचारलं, आत कामाला कोण कोण होतं, त्या बायकांची नावं काय?