सहा बटणांचा डबा

कोल्हापुरात इंजिनिअरिंगचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, प्राध्यापक आणि उद्योजक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय 'प्रायोजित प्रकल्प : कॉलेज आणि उद्योग यांच्यातला करार' असा छापलाय. करारावर मी येणार आहे. पण कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट गाइड करता करता वीस-बावीस वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. या सभागृहात निम्मी मंडळी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर या औद्योगिक वसाहतींतून आली आहेत, तेव्हा ते इथंच बोललं पाहिजे. प्रायोजकाकडून पोरांना एकच गोष्ट लागते : शॉपवरच्या, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम चालतं तिथल्या, एका जाणत्या माणसाचा आठवड्यातला एक तास. पैसा, लॅपटॉप, सर्टिफिकेट नसलं तरी भागतं. हा तास नसला की वर्ष वाया जातं.

आता होतं काय ते सांगते. दर जुलैत माझ्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा येतो. 'अमुक विद्यार्थ्यांना आमच्या कंपनीत प्रोजेक्ट करण्यास परवानगी देण्यात येत आहे.' खाली सही, गोल शिक्का. कंपनी कोणाची? पोराच्या मावशीच्या दिराची, नाहीतर मामाच्या मित्राची. मजकूर सगळ्यांचा सारखाच, कारण गेल्या वर्षीच्या ग्रुपनं पुढच्या ग्रुपला वर्ड फाइल दिलेली असते. एका वर्षी पाच कंपन्यांच्या पत्रांत एकाच शब्दाचं स्पेलिंग एकसारखं चुकलं होतं. हसताय, हसा, पण त्या पत्रानंतरचं बघा. पत्र फाइलला लागतं, प्रोजेक्ट 'इंडस्ट्री स्पॉन्सर्ड' ठरतो आणि त्या कंपनीच्या गेटात पोरं पुन्हा पाऊल टाकत नाहीत. मार्चमध्ये तयार प्रोजेक्ट विकत आणतात. सोबत रिपोर्ट मिळतो, स्लाइड्स मिळतात, तोंडी परीक्षेची प्रश्नोत्तरंसुद्धा मिळतात. ज्या पोराच्या बापानं उसाच्या बिलातून फी भरली, त्याचं चौथं वर्ष असं जातं. मला याचा मनापासून राग येतो.

एकट्या पोरांना मी दोष देत नाही. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे देशोदेशीच्या इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा, कायम सदस्य झाला आणि आपल्या कॉलेजांत मानांकनाच्या फायली वाढल्या. तपासणीला येणारे विचारतात, तुमचे विद्यार्थी बाहेरच्या खऱ्या प्रश्नांवर काम करतात का? अगदी रास्त प्रश्न आहे. पण खरं काम दाखवायला वर्ष लागतं आणि पत्र दाखवायला दोन मिनिटं, म्हणून आपण सगळेच पत्रावर भागवतो. यात मी कॉलेजची माणसं आधी धरते, मग पोरं.

मुळात ही पद्धत जुनी आणि चांगली आहे. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजनं १९६३ साली इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी 'क्लिनिक' सुरू केलं. डॉक्टरकीची पोरं कशी आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात उभं राहून खरा पेशंट बघतात, शेजारी मोठा डॉक्टर असतो, तसं इंजिनिअरनंही शिकावं असा तो विचार. बाहेरची कंपनी प्रश्न देते, फी भरते, चार-पाच जणांची टीम वर्षभर राबते आणि कंपनीचा एक ठरलेला माणूस टीमशी बोलत राहतो. पुढं तिथं कॉम्प्युटर सायन्सलाही हेच लागू झालं. अशा शेवटच्या प्रकल्पाला तिकडं कॅपस्टोन म्हणतात, म्हणजे बांधकामाच्या माथ्यावर बसवायचा शेवटचा दगड. मला मात्र दर वेळी आपलं खिद्रापूर आठवतं. तिथल्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप बघितलाय ना सगळ्यांनी? तिथं माथ्यावर दगडच ठेवलेला नाही, मधल्या गोलातून थेट आभाळ दिसतं. याच्याकडं शेवटी परत येते.

आणि धाडसाच्या मागं पैसा उभा करणं कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी याच गावात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं होतं तानीबाई कागलकर या गायिकेनं. हे नाव सभेत घ्यायला मला फार आवडतं.

तर आता माझी गोष्ट. शिरोलीतली एक फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. मालक संकोची आहेत, नाव घेत नाही. त्यांचा प्रश्न रिजेक्शनचा, म्हणजे बाद होणाऱ्या नगांचा होता. कॅमेरा लावून कॉम्प्युटरला कास्टिंगमधले, म्हणजे ओतून केलेल्या नगांमधले, दोष ओळखता येतील का, असं त्यांनी विचारलं. माझा चार जणांचा ग्रुप, दोन मुलं, दोन मुली, आनंदानं उडालाच. डीप लर्निंग, म्हणजे ढीगभर नमुने दाखवून कॉम्प्युटरला शिकवायचं तंत्र, करायला मिळणार! मालकांची अट एकच होती, पोरांनी दर बुधवारी सेकंड शिफ्टला यायचं, कारण तेव्हाच त्यांच्या इन्स्पेक्शनच्या माणसाला बोलायला सवड असते. त्या माणसाला सगळी फाउंड्री मामा म्हणते, म्हणून आम्हीही मामाच म्हणायला लागलो. एका मुलीचे वडील पहिले तीन बुधवार सोबत आले, वॉचमनच्या केबिनमध्ये चहा पीत रात्री दहापर्यंत बसून राहिले. चौथ्या बुधवारपासून मामांनीच तिला घरापर्यंत पोचवायची व्यवस्था लावली.

पोरांनी आधी रिजेक्शनचं रजिस्टर मागून घेतलं आणि आठ महिन्यांच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या. 'कारण' या रकान्यात जिकडं तिकडं ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेली पोकळी. पोरांना वाटलं, प्रश्न सापडला. पुढच्या बुधवारी ते कागद घेऊन मामांच्या टेबलाशी गेली. मामांनी कागद बघितलाच नाही. म्हणाले, "आरं, वहीत काय बघताय? कास्टिंगवर बगा की."

कास्टिंगवर खडूच्या खुणा होत्या. गोल म्हणजे ब्लो होल, फुली म्हणजे सँड, धातूत अडकलेली वाळू, आणि नागमोडी रेघ म्हणजे कोल्ड शट, धातूचे दोन प्रवाह नीट न जुळता थिजलेली जागा. मामा तीस वर्षं प्रत्येक बाद नगावर ही खूण करत आले होते. शिफ्ट संपता संपता क्लार्क यायचा, ढिगातले नग मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहायलाच लागायचं, म्हणून हाताला सवयीचं ते लिहायचा. नग त्याच रात्री परत भट्टीत. म्हणजे बघा, मामांना जे दिसत होतं ते रोज खडूसकट वितळत होतं, आणि त्या वहीवर आम्ही कॉम्प्युटर शिकवायला निघालो होतो.

कॅमेरा बाजूला पडला. पोरांनी टॅब्लेटवर ॲप केलं, नग आला की खुणेवर बोट ठेवायचं. मामांच्या हातात जाड हातमोजे, स्क्रीन दाद देईना, तासाभरात वर काळी धूळ बसली. पुन्हा बुधवार. शेवटी उद्यमनगरातून पत्र्याचा डबा करून घेतला, त्यावर मुठीनं दाबली तरी चालतील अशी मोठी बटणं, आत दाबलेल्या बटणाची नोंद घेणारी छोटी चिप, मायक्रोकंट्रोलर, आणि प्रत्येक बटणावर ऑइल पेंटनं मामांचीच खूण. ब्लो होल, श्रिंकेज (थिजताना आकसून पडलेली पोकळी), सँड, कोल्ड शट, मिसमॅच (साच्याचे दोन भाग सरकलेले), अशी पाच बटणं. मामांनी डबा फिरवून बघितला आणि म्हणाले, "ह्यात एक बटण कमी हाय. मला कळंना झालं की मी काय दाबू?"

मंडळी, या वाक्यासाठी मी आज इथं उभी आहे. पोरांच्या डोक्यात ते बटण आलं नव्हतं, माझ्याही आलं नव्हतं. ज्याला तीस वर्षांचा अनुभव आहे त्यानं 'कळत नाही' हे बटण मागून घेतलं. ते नसतं तर डब्यातही सगळं ब्लो होलच झालं असतं, कारण माणसाला काहीतरी दाबायलाच लावलं की तो खोटं दाबतो. वहीतही तेच झालं होतं. हे कुठल्या पुस्तकातून मी शिकवलं असतं? सहावं बटण बसलं, त्याचा रंग पिवळा. सगळ्यात जास्त लागणारं बटण उजव्या हाताशी घ्या, हेही मामांनीच सांगितलं.

अडीच महिन्यांनी पोरांनी नोंदी वेळेप्रमाणे मांडल्या. सँडच्या फुल्या सेकंड शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत दाटलेल्या. फाउंड्रीवाल्यांच्या माना हलताना दिसतायत. बरोबर, वाळू दिवसभर फिरून फिरून तापते, गरम वाळूतलं पाणी उडतं, मोल्डच्या, म्हणजे वाळूच्या साच्याच्या, कडा ठिसूळ होतात आणि धातू ओतताना वाळू सुटून आत जाते. मालकांनाही हे तत्त्वानं ठाऊक होतं. कधी आणि किती, हे पहिल्यांदा समोर आलं. त्यांनी संध्याकाळनंतर वाळूची ओल तपासायच्या वेळा वाढवल्या आणि वाळू थंड व्हायला सवड ठेवली. रिजेक्शन किती उतरलं तो आकडा त्यांचा आहे, मी सांगणार नाही. डबा अजून टेबलावर आहे, एवढं सांगते.

आणि मे महिन्यात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डबा हातात घेऊन विचारलं, "यात मशीन लर्निंग कुठं आहे?" जिचे वडील सोबत यायचे त्याच मुलीनं उत्तर दिलं, "सर, आधी डेटा खोटा होता, तो आम्ही खरा केला." गुण कमी पडले. त्याच दिवशी विकत आणलेल्या, चेहऱ्यावरून हजेरी घेणाऱ्या प्रोजेक्टला जास्त पडले. ही गोष्ट मला अजून सलते. वर्षभर बुधवारी रात्री फाउंड्रीत उभ्या राहिलेल्या पोरांना आपण काय शिकवलं त्या दिवशी?

हॅकेथॉनचं कौतुक मलाही आहे. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सरकारी खाती आपले प्रश्न विद्यार्थ्यांपुढं मांडतात, पोरं ३६ तास जागून काहीतरी उभं करतात. पण पिवळं बटण ३६ तासांत सापडत नाही. त्याला बुधवार लागतात. आमच्याकडं दर वर्षी दोन तरी ग्रुप पुराचं ॲप घेऊन येतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ आपण सगळ्यांनी भोगलंय. विषय मोलाचा आहे. मी एवढंच विचारते, रात्री दोन वाजता तुमचं ॲप उघडून निर्णय घेणारा माणूस कोण, त्याला भेटलात का? भेटून येईपर्यंत मी विषय मंजूर करत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. तर करार. भरभर सांगते, उद्योजकांनी कृपया लिहून घ्या.

पहिलं, करारात माणसाचं नाव घाला, वार आणि वेळ घाला, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर दुसरा कोण तेही घाला. आमचा एक ग्रुप जानेवारीत असाच लटकला. कंपनीतला माणूस पुण्याला गेला आणि पुढं फोन उचलायला कोणी उरलं नाही. प्रश्न निवडताना महत्त्वाचा निवडा, पण तातडीचा नको. उद्या डिस्पॅच अडेल असं काम पोरांवर टाकलं तर तुमचंही नुकसान, त्यांचंही. पहिले सहा आठवडे प्रश्न बदलायची मोकळीक ठेवा. आमचा कॅमेरा गेला आणि डबा आला तो याच मोकळीकीमुळं.

मालकीचं. कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती धरला जातो आणि पहिला हक्क लिहिणाऱ्याचा असतो. नोकरीत लिहिलं तर मालकाचा, पण विद्यार्थी तुमचा नोकर नाही. म्हणजे लेखी काही नसेल तर कोड पोरांचा. हक्क तुम्हाला हवा असेल तर तो सही करून लेखी द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. हे जुलैत बोला, मे महिन्यात भांडू नका. गुप्ततेच्या कागदावर सही घ्या, पण गाइडला आणि परीक्षकाला काम बघता आलं पाहिजे, एवढी वाट ठेवा. गिऱ्हाइकांची नावं, दर काढून टाकून डेटा द्या, पण खरा द्या. खर्च म्हणजे सुटे भाग आणि जाण्यायेण्याचं भाडं. ते प्रायोजकानं करावं, पोरांकडून एक रुपयाही घेऊ नये.

कॉलेजांसाठी दोन गोष्टी. आठव्या सेमिस्टरला निम्मा ग्रुप इंटर्नशिपला पुण्यात असतो, तेव्हा शॉपवर जायचं सगळं काम सातव्या सेमिस्टरमध्येच उरका. आणि तोंडी परीक्षेला कंपनीचा तो माणूस शेजारी बसवा. मामा त्या दिवशी खोलीत असते तर गुण वेगळे पडले असते, याबद्दल मला शंका नाही.

शेवटचं, खिद्रापूर. प्रोजेक्ट मे महिन्यात बंद करून वर दगड ठेवू नका. शेवटचे दोन आठवडे नवीन काही न लिहिता, चालवणाऱ्या माणसासाठी दोन पानं मराठीत लिहा : बंद पडलं तर काय करायचं, कोणती तार कुठं जाते. आणि पुढच्या वर्षीच्या ग्रुपला तेच काम पुढं न्यायला द्या. आमच्या डब्याचा दुसरा ग्रुप आता हीट नंबर, म्हणजे नग भट्टीच्या कोणत्या वितळणीतला तो क्रमांक, जोडतोय. कॅमेराही परत आलाय, कारण आता त्याला शिकवायला मामांच्या खऱ्या खुणा आहेत.

वेळ संपली. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. जुलैत सोळा ग्रुप तयार होतील. वहीत तीन रकाने आहेत : तुमचा प्रश्न, पोरांना भेटणारा माणूस, आणि वार व वेळ. प्रश्न दोन ओळींत, मराठीतच लिहा. तिसरा रकाना आज भरता येत नसेल तर घरी जाऊन विचार करा आणि मला फोन करा, मी येऊन भरून घेईन.