नेतृत्व बदलताना: एनसीसी कंपनीच्या सोहळ्याची आखणी

नमस्कार. समोर पुण्यातल्या महाविद्यालयांचे एएनओ (एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक) बसले आहेत आणि मागच्या रांगांत यंदा रँक मिळणारी मुलं-मुली. सोहळा देखणा व्हावा असं दोघांनाही वाटतं. होईल देखणा, पण तो कशासाठी करायचा हे आधी ठरवू. जुन्या एसयूओचं (सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कंपनीचा प्रमुख कॅडेट) कौतुक निरोप समारंभात होतंच, नव्याचं अभिनंदन फलकावर लागतंच. मैदानावर साठ कॅडेट उभे करायचे ते एवढ्यासाठी की कालपर्यंत एकाच्या आवाजावर हलणारी कंपनी आजपासून दुसऱ्याच्या आवाजावर हलते, हे सगळ्यांना एकदम दिसावं. आखणी त्या क्षणापासून उलटी मोजत यायची.

नेमकी तिथेच गडबड होते. कंपनी सावधानमध्ये ठेवून मंचावर आदेशवाचन, रँक, केन (अधिकाराची छडी), फोटो असं सगळं उरकतात. पोरं दहा मिनिटं ताठ. मग नवा एसयूओ जागेवर येतो आणि त्याचा पहिला हुकूम काय, तर 'विश्राम'! याच्या उलट करा. आदेशवाचनाआधी जुन्या एसयूओने परेड विश्राममध्ये आणावी आणि मग मंचाकडे जावं. देवाणघेवाण विश्राममध्येच होऊ द्या. नवा एसयूओ परेडसमोर जागा घेतो, दोन श्वास थांबतो आणि म्हणतो, 'परेड, सावधान'. साठ टाचा एकदम वाजल्या की कंपनी कोणाची, हे कोणाला विचारावं लागत नाही. त्यानंतर जुन्याने एकही हुकूम द्यायचा नाही. तो पुन्हा स्क्वाडमध्येही उभा राहत नाही. मंचाच्या बाजूला त्याची खुर्ची राखून ठेवा. नाहीतर नव्याचा आवाज अडखळला की साठ जणांचे डोळे जुन्याकडे वळतात.

केन किंवा सॅश एका विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या हातात थेट देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्याने ती सीओ साहेबांकडे (बटालियनचे कमांडिंग ऑफिसर) द्यावी, ते आले नसतील तर प्राचार्यांकडे, आणि त्यांनी ती नव्याला द्यावी. रँक एएनओंच्या शिफारशीने आणि सीओंच्या मंजुरीने मिळते. मैदानावरही तसंच दिसलं पाहिजे. मंजुरीचा कागद आदल्या आठवड्यात हातात हवा. तो आला नसेल तर तारीख पुढे ढकला, तोंडी होकारावर आदेश वाचू नका.

रँक चढवण्यात वेळ कसा जातो ते बघा. नव्या गणवेशाचं खांद्याचं बटण घट्ट असतं, पाहुण्यांची बोटं अडतात, फोटोवाला 'सर, परत एकदा' म्हणतो. माणशी एक मिनिट सहज जातं. आठ जणांची आठ मिनिटं. म्हणून मंचावर फक्त एसयूओ आणि जेयूओ (ज्युनियर अंडर ऑफिसर) घ्या, आणि त्यांची बटणं आदल्या दिवशी पाच-सहा वेळा काढून-घालून सैल करा. सार्जंट, कॉर्पोरल यांच्या फिती बाहीवर शिवायच्या असतात, त्या पाहुण्यांच्या हातून लागणार कशा? त्या आदल्या रात्रीच शिवून घ्या आणि नावं फक्त वाचा.

तारखेचं म्हणाल तर आमचा कौल मार्चला. एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा झालेली असते, विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर असल्या तरी सुरू झालेल्या नसतात, मैदान कोरडं असतं. ऑगस्टमध्ये करायचं तर नवी भरती बघायला मिळते हे खरं, पण जुना एसयूओ तोवर नोकरीला लागलेला असतो आणि पावसाने आदल्या संध्याकाळी मारलेली फक्की सकाळपर्यंत वाहून जाते. तेव्हा खिळे आणि सुतळी वापरा. सभागृहाचा पर्याय ठेवलात तर संचलन वगळा. फरशीवर बूट घसरतात. मैदान की सभागृह, हा निर्णय सकाळी सहा वाजता एकाच माणसाने घ्यायचा, ग्रुपवर मतदान नको.

मैदान आठ वाजताच्या उन्हात जाऊन बघा. कंपनीचं तोंड उत्तरेला आणि मंचाचं दक्षिणेला ठेवलं की ऊन दोघांच्याही डोळ्यांत थेट जात नाही. साठ कॅडेट तीन रांगांत म्हणजे रांगेत वीस. हातभर अंतराने सजल्यावर ही रांग साधारण साठ-पासष्ट फूट होते. दाहिना दर्शक (उजव्या टोकाचा कॅडेट, ज्याच्यावरून रांग सजते) कुठे उभा राहणार ते फक्कीने आखा. तो चुकला की अख्खी कंपनी सरकते.

संचलनाला बँड नसेल तर एक ड्रम पुरे. स्पीकरवरची धून शक्यतो नको. आवाजाला शंभर मीटर जायला साधारण 0.3 सेकंद लागतात, आणि मिनिटाला 120 पावलांच्या गतीत एक पाऊल 0.5 सेकंदाचं. म्हणजे लांबच्या कॅडेटला ठोका अर्ध्याहून जास्त पाऊल उशिरा ऐकू येतो. पोरं बेशिस्त नसतात, स्पीकर लांब असतो. ड्रमवाला कंपनीबरोबर चालवा. तिरंगा आणि एनसीसीचा ध्वज दोन्ही असतील तर तिरंगा उजवीकडे, आणि 'दाहिने देख'वर (मंचाला सलामी देताना) तो कोणासमोरही झुकत नाही. मंचावर कितीही मोठा पाहुणा असो.

पुण्यात राहून खेत्रपाल मैदानावरची एनडीएची परेड सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे 'धीरे चल' (संथ संचलन) घालायचा मोह होतो. आवरा. त्यात तोल जातो आणि तो जाताना स्पष्ट दिसतो. रायफलींचंही तेच. बटालियनच्या कोतमधून (शस्त्रागारातून) त्या काढायच्या तर परवानगी, पहारा, मोजणी आली. बिनाशस्त्र परेड नीट झाली तर काही कमी पडत नाही.

चक्कर येऊन पडणारा कॅडेट बहुधा दोन कारणांनी पडतो: उपाशी पोट आणि ताठ ताणलेले गुडघे. पायांतलं रक्त वर चढायला पोटऱ्यांची हालचाल लागते. सहा वाजता पोहे किंवा केळं आणि पाणी सक्तीचं करा, उभं असताना बुटात बोटं हलवत राहायला शिकवा, आणि मागच्या रांगेमागे दोन जण स्ट्रेचर घेऊन ठेवा. कोणी पडलं तर शेजाऱ्याने वाकायचं नाही. मागचे दोघे उचलतील.

पाहुणे कॅम्पातून किंवा खडकीहून येणार आणि गणेशखिंड रस्त्यावर अडकणार, हे धरूनच चला. कंपनी सावलीत बसवा. गाडी फाटकात आल्याचा फोन आला की मग फॉल-इन, म्हणजे रांगा लावा. भाषणं दोनच, प्रत्येकी पाच मिनिटं, तीही कंपनीला 'आराम से' दिल्यावर.

रंगीत तालीम दोन दिवस आधी, पूर्ण गणवेशात, त्याच वेळेला. तालमीत नव्या एसयूओला माइक देऊ नका. माइक निवेदकाचा. एसयूओला चाळीस पावलांवरून हुकूम द्यायला लावा. 'परेड' लांब, मग पुरेशी उसंत, मग 'सावधान' तुटक. घाईत उसंत गिळली की निम्मी कंपनी आधी हलते.

आता स्टोअर. ही मोजणी सोहळ्याच्या तीन दिवस आधी संपलीच पाहिजे, कारण नंतर जुन्याला कोणी शोधत बसत नाही. बेल्ट, बेरे, तुरे, बूट, तंबू, ड्रम हे सगळं वहीशी ताडून घ्या. 'कॅडेटकडे आहे' असा शेरा चालणार नाही, कोणत्या कॅडेटकडे ते नावासकट लिहा. हजेरीपट नव्याने स्वतः तपासावा, कारण परीक्षेला बसायला 75 टक्के परेड लागतात आणि कमी भरलेला कॅडेट फेब्रुवारीत त्याच्याच दारात उभा राहणार आहे. अल्पोपाहाराची वही, किल्ल्या, कंपनीच्या ईमेलचा पासवर्ड हेही त्यातच. दोघांनी सह्या करायच्या, तिसरी सही एएनओंची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद मात्र परेड विसर्जित झाल्यावर त्याच सकाळी काढून घ्या. ते राहून गेलं तर पुढच्या रविवारच्या परेडचा निरोप जुनाच एसयूओ टाकेल.