अभंग तोच, श्रोते वेगळे

[दृश्य: गावचा हरिनाम सप्ताह, रात्रीचे नऊ]

विणेकरी उभा आहे, मागे टाळकऱ्यांच्या रांगा लागल्यात, पखवाजावर थाप पडली. 'जय जय राम कृष्ण हरी' आणि विठ्ठलाच्या रूपाचा अभंग होईपर्यंत कीर्तनकार निरूपणाला हात घालत नाही. पण समोर म्हातारी माणसं किती, पोरं किती, आणि भजनाला साथ कोण देतंय, हे तो एवढ्यात हेरून घेतो.

वारकरी कीर्तन साधारण दोन तासांचं. एकच अभंग घ्यायचा, चरणामागून चरण सोडवायचा आणि इतर संतांची प्रमाणं, म्हणजे आधाराच्या ओळी, द्यायच्या. श्रोते बदलले म्हणून ही चौकट मोडत नाही. बदलतात ते दृष्टान्त, लय आणि कुठल्या चरणावर किती रेंगाळायचं ते.

तुकोबांचा 'लहानपण देगा देवा' घ्या. त्यात महापुरात झाडं वाहून जातात, लव्हाळी वाचतात. नदीकाठच्या गावात हे समजावत बसलात तर लोक जांभया देतील; पूर ओसरल्यावर लव्हाळी पुन्हा उभी राहिलेली त्यांनी पाहिलेली असतात. तिथे वेळ द्यावा तो ऐरावताला आणि त्याला बसणाऱ्या अंकुशाच्या माराला. शहरातल्या सभागृहात मात्र लव्हाळंच आधी दाखवावं लागतं: पाण्याकाठचं बारीक, लवचीक गवत, लोंढा आला की आडवं होतं, मुळं सोडत नाही. हे चित्र उभं राहिलं नाही, तर चरण नुसताच कानाला गोड.

[दृश्य: टाळकरी, जवळून]

प्रमाणांचंही तसंच. गावात अर्धी ओळ म्हटली की उरलेली टाळकरी उचलतात आणि तेवढ्यात कीर्तनकाराला दम घेता येतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात ओळ उचलणारं बहुधा कुणी नसतं. तिथे दहा प्रमाणांची माळ लावण्यापेक्षा तीनच द्यावीत, पूर्ण आणि सावकाश. बंद सभागृहात पंचवीस टाळ एकदम वाजले की शब्द बुडतात. चार-सहा जोड्या पुरतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो विनोदाने. हशा आला की आणखी एक किस्सा, मग आणखी एक. घड्याळ पुढे जातं आणि शेवटचे दोन चरण पाच मिनिटांत उरकावे लागतात. त्यातून किस्सा मोबाइलवर आधीच फिरलेला असला, तर हशाही येत नाही. उत्तरकार्याच्या कीर्तनात तर विनोदाला हात आखडताच बरा.

पेंगणाऱ्या सभेला द्रुत गजराने जागं करता येतं. पण गजर थांबताच बारीक निरूपण सुरू केलं, तर लोक पुन्हा पेंगतात. मध्ये एखादा छोटा दृष्टान्त हवा.

गाडगे महाराज समोरच्यांना साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत आणि लोकांच्या तोंडून उत्तर काढून घेत. आज अनेकजण ही रीत उचलतात, पण प्रश्न असा टाकतात की सगळ्यांनी 'हो' म्हणूनच सुटावं. त्यातून काही पुढे सरकत नाही.

[दृश्य: शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन]

काल्याला विषयाची निवड नसते: कृष्णाच्या बाललीला, शेवटी दहीहंडी. पोरांना पुढे बसवावं आणि वेळ सांभाळावी. मंडपामागे महाप्रसादाची पातेली उतरलेली असतात आणि मागच्या रांगांचं लक्ष केव्हाच तिकडे गेलेलं असतं.